थर हरवला की इतिहास हरवतो

२०२३ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातील बारसूचा सडा एकाएकी राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, पोलिसांचा बंदोबस्त लागला आणि नेत्यांच्या दौऱ्यांनी राजापूर तालुका गजबजून गेला. रोजगार की पर्यावरण, गुंतवणूक की बागायती, या मुद्द्यांवर वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्या गदारोळात आणखी एक मुद्दा होता. पण त्याच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. याच सड्यावर कातळात कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकण परिसरातील कातळशिल्पांची जी नऊ ठिकाणे नोंदवली गेली, त्यांत बारसूचा समावेश आहे.

या मुद्द्यावर जी थोडीफार चर्चा झाली, तीही एकाच प्रश्नाभोवती फिरली. चित्रांना धक्का लागणार की नाही? चित्रांभोवती कुंपण घालू, ती जागा प्रकल्पातून वगळू, एवढे आश्वासन दिले की हा विषय मिटला, असे दोन्ही बाजूंना वाटत होते. प्रत्यक्षात खरी अडचण येथूनच सुरू होते. लेखनकला नसलेल्या समाजांचा इतिहास शोधताना एखादी वस्तू किंवा चित्र एकट्याने फारसे बोलत नाही. ती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर सापडली, यावर तिचा सारा अर्थ अवलंबून असतो. भारतातील वारसाविषयक कायदे वस्तूंना आणि वास्तूंना ओळखतात; थरांची त्यांना पुरेशी ओळख नाही. महाराष्ट्राच्या प्रागैतिहासिक वारशाचे भवितव्य या एका उणिवेत अडकले आहे.

सड्यावरचे शिकारी

कोकणातील कातळशिल्पांचा शोध ही गेल्या काही दशकांतील महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातील सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील चित्रे १९९० च्या दशकातच अभ्यासकांच्या नजरेस आली होती. पुढे रत्नागिरीतील सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत एकेक सडा धुंडाळला. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मिळून दीड हजारांहून अधिक चित्रांची नोंद आहे. कशेळीचा प्रचंड हत्ती, उक्षीचा हत्ती, हरणे, वाघ, गेंडे, मासे, पाकट, माणसांच्या आकृती आणि अर्थ न लागलेल्या भौमितिक रचना असा हा पट आहे. काही गावांत या चित्रांची पूजा होत असे. बहुतेक ठिकाणी ती माती आणि गवताखाली दडलेली होती.

चित्रांत शिकारीचे प्राणी आणि जलचर विपुल आहेत. नांगर, पेरणी किंवा पिके दिसत नाहीत. त्यामुळे त्यांतील बरीचशी चित्रे शेतीपूर्व काळातील, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांची असावीत, असा अनेक अभ्यासकांचा कल आहे. गेंड्यासारखा प्राणी आज कोकणात नाही. पण पश्चिम भारतातून तो फार पूर्वी लुप्त झालेला नाही. गुजरातमधील लांघणज येथे मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचे हाड सापडले आहे. तेव्हा कोकणातील चित्रकाराने गेंडा डोळ्यांनी पाहिला असणे अशक्य मुळीच नाही.

मात्र 'असावीत' आणि 'आहेत' यांत मोठे अंतर आहे. कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवायचा तर कोळसा, हाड, शिंपले किंवा धान्य असे सेंद्रिय काही हवे. जांभ्या दगडात कोरलेल्या रेषेत तसे काही नसते. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे कोरीव तुकडे सापडले. ते कवच सेंद्रिय असल्याने त्याचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा, असे मोजून सांगता आले. कोकणातील कातळाबाबत ही सोय नाही. बारसूच्या एका प्रसिद्ध चित्रात दोन वाघांच्या मध्ये उभी असलेली मानवाकृती आहे. तिची तुलना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील तशाच दृश्याशी केली जाते. ही तुलना ग्राह्य धरली तर ते चित्र एका काळातले ठरते. ती निव्वळ योगायोग मानली तर कित्येक सहस्र वर्षे मागचेही असू शकते.

हा प्रश्न सुटण्याचा मार्ग चित्राच्या आसपासच्या जागेतून जातो. सड्यावर विखुरलेली दगडी हत्यारे, ती घडवताना उडालेल्या छिलक्या, खोलगट भागांत साचलेली माती, उतारावरच्या गुहांतील राखेचे थर, पाण्याच्या जुन्या जागा यांचा एकत्रित अभ्यास झाला, तर चित्रे कोरणाऱ्यांची वस्ती, त्यांचे अन्न आणि त्यांचा काळ हाती लागण्याची शक्यता आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील देऊड येथील कातळशिल्पांना राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण चित्राच्या चौकटीपुरते संरक्षण देऊन शेजारचा सडा चिरेखाणीला दिला, तर चित्र शिल्लक राहील आणि त्याचा पुरावा मात्र नाहीसा होईल.

दायमाबादचा धडा

अशा रीतीने पुरावा निसटल्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. १९७४ मध्ये तेथे एका शेतकऱ्याला झाडाचे खोड उकरताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या भरीव मूर्तींचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. भारतीय प्राचीन धातुकामाचा विषय निघाला की या संचाचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही.

हा संच कोणत्या काळातला? म. के. ढवळीकर, एस. ए. साळी आदी अभ्यासकांनी तो उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानला. धातूच्या रासायनिक पृथक्करणानंतर डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका घेतली. या मूर्तींत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले; त्या काळातील महाराष्ट्रातील इतर तांब्याच्या वस्तूंत तसे ते दिसत नाही. हा वाद मिटवू शकेल असा एकच साक्षीदार होता: वस्तू ज्या थरात पुरल्या गेल्या, तो थर. खोड उकरले गेले तेव्हा त्याची नोंद घेणारे कोणी तेथे नव्हते. साळी यांनी १९७६ ते १९७९ या काळात दायमाबादला सविस्तर उत्खनन केले आणि वस्तीचा क्रम उलगडला. पण मूर्ती आणि वस्ती यांना जोडणारा दुवा निःसंशयपणे सांधता आला नाही. मूर्ती अखंड आहेत, त्यांचे वजन-माप ठाऊक आहे, धातूचे घटकही मोजले गेले आहेत. तरीही चार हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये असे ओतकाम होत होते का, या प्रश्नाला निर्विवाद उत्तर नाही.

यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. महाराष्ट्रातील शेतकरी जुन्या गावठाणाच्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतो. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिसळून ती पांढुरकी झालेली असते. ती खत म्हणून शेतात घालण्याची आणि घरांच्या धाब्यावर पसरण्याची रीत जुनी आहे. नदीकाठच्या कित्येक प्राचीन वस्त्या अशा गाडीगाडीने संपल्या. पूर्वी हे काम फावड्याने होई, आता यंत्राने होते. जे टेकाड उपसायला पिढ्या लागत, ते आता आठवड्यात सपाट होते. वाळूउपशाने नदीचे काठ ढासळतात, तेव्हा त्या काठांवरच्या वस्त्याही वाहून जातात.

इनामगावने काय शिकवले

थर शाबूत असतील आणि ते सावकाश वाचले गेले तर काय हाती लागते, याचेही उदाहरण दूर नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून पुढे बारा हंगाम उत्खनन केले. तोवर जोर्वे, नेवासे येथील उत्खननांनी तांबे वापरणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांचा माग लागला होता. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. परंतु त्या समाजाचे रोजचे जगणे कसे होते, हे इनामगावने दाखवले.

इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० अशी सुमारे नऊशे वर्षांची ही वस्ती. तिच्यातील १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. कुंभाराची भट्टी मिळाली, सातूचे दाणे मिळाले, पुराच्या पाण्याला वळवणारा बांध आणि पाट मिळाला. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार असावे अशी वास्तू मिळाली. इतर प्रौढांची पावले तोडून त्यांना पुरले जाई. येथे मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत एक पुरुष पुरलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. गावात मुखिया होता आणि त्याचा मान मृत्यूनंतरही वेगळा होता, हा निष्कर्ष यातूनच निघाला. वस्ती 'ताम्रपाषाणयुगीन' म्हटली जाते, पण तांब्याच्या वस्तू तेथे मोजक्याच. रोजची कापणी, सोलणी आणि घासणी गारगोटीच्या पात्यांनीच होई. धातू आला म्हणून दगड गेला नाही. अश्मयुग संपून धातुयुग उजाडले, अशी पाठ्यपुस्तकी विभागणी येथे कोलमडते.

इ.स.पू. १००० नंतर इनामगावचे दिवस फिरले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, मेंढपाळी आणि शिकारीवरचा भर वाढला. पाऊसमान घटल्याने हे घडले, असे ढवळीकर यांनी मांडले. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेच हा विषय संपला नाही. उत्खननात मिळालेले सांगाडे जपून ठेवलेले असल्यामुळे पुढच्या पिढीतील संशोधकांना ते नव्या पद्धतींनी तपासता आले. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शेवटच्या काळातील मुलांच्या हाडांत खुंटलेल्या वाढीच्या खुणा त्यांना दिसल्या. मात्र हवामानबदल हे सरधोपट कारण त्यांनी मान्य केले नाही. दुष्काळ, जमिनीचा वापर आणि समाजाने निवडलेली उपजीविका यांच्या गुंतागुंतीकडे त्यांनी लक्ष वेधले.

दुष्काळाची टांगती तलवार वागवणाऱ्या महाराष्ट्रात या वादाचे मोल निराळे सांगायला नको. पाऊस कमी झाला की समाज कोलमडतोच का, की त्याची रचना काही ठरवते, हा प्रश्न आजचाही आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावातून त्यावर काही बोलता येते, याचे कारण तेथील थर नोंदवले गेले आणि हाडे जपली गेली.

लोखंडाची शर्यत

लोखंडाच्या बाबतीत सध्या देशात वेगळेच वारे वाहत आहे. तमिळनाडूचे मुख्यमंत्री म्हणून एम. के. स्टालिन यांनी २०२५ च्या जानेवारीत राज्य पुरातत्त्व खात्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तुतुकुडी जिल्ह्यातील शिवगळै येथील नमुन्यांच्या आधारे तेथे लोखंडाचा वापर इ.स.पू. चौथ्या सहस्रकापर्यंत मागे जातो, असा त्यात दावा आहे. हा काळ मान्य झाला तर जगाच्या धातुविद्येचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. नमुने एकाहून अधिक प्रयोगशाळांत तपासले गेले, ही जमेची बाजू. तरीही अभ्यासकांचा प्रश्न थराचाच आहे. काळ मोजला जातो तो कोळशाचा. तो कोळसा आणि ती लोखंडी वस्तू एकाच वेळी त्या जागी आल्या होत्या, हे पुन्हा पुन्हा आणि अनेक ठिकाणी दिसायला हवे. राजकीय व्यासपीठावर मात्र 'जगात पहिले' कोण, याचीच घोषणा चालते. उत्तर आणि दक्षिण यांच्या अस्मितांच्या झटापटीत पुरातत्त्वाला साक्षीदाराऐवजी वकील बनवले जाण्याचा धोका आहे.

महाराष्ट्राने या शर्यतीत उतरण्याचे कारण नाही. पण तमिळनाडूने उत्खननासाठी, काळमापनासाठी आणि अहवालांसाठी सातत्याने पैसा आणि मनुष्यबळ दिले, हे त्या राज्याचे श्रेय नाकारता येत नाही. विदर्भाकडे पाहिले की ही तुलना बोचते. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नैकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. तिच्या वक्र विटा, भात्याच्या नळ्या आणि धातू गाळून उरलेली मळी जागच्या जागी मिळाली. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास तेथे लोखंड स्थानिक पातळीवर तयार होत होते, हे त्यावरून सिद्ध झाले. माहूरझरीच्या शिळावर्तुळांखाली घोड्यांचे सांगाडे आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले. जुनापाणीच्या वर्तुळांची नोंद तर १८७९ मध्येच झाली होती. ही वर्तुळे म्हणजे दफनाच्या जागा. पडीक माळावर मोठ्या दगडांचे कडे, एवढेच त्यांचे बाह्य रूप. मुरूम काढणाऱ्याला, जमिनीचे सपाटीकरण करणाऱ्याला किंवा भूखंड पाडणाऱ्याला त्यांत जपण्यासारखे काही दिसत नाही. नागपूर शहर चहूबाजूंनी वाढत असताना अशी कित्येक वर्तुळे विस्कटली गेली आहेत.

कायद्याची मोजपट्टी

केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा असे दोन कायदे प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळांसाठी आहेत. त्यांत 'स्थळ' हा शब्द आहे, हे खरे. पण संरक्षण मिळते ते अधिसूचित झालेल्या स्थळालाच. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन आले. जे स्थळ यादीतच नाही, त्याला या मीटरांचा काहीही उपयोग नाही. यादीतल्यांचीही शाश्वती नाही. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात ९२ संरक्षित स्मारके जागेवर सापडलीच नव्हती, आणि २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळावी लागली. भिंती आणि घुमट असलेल्या वास्तूंची ही गत असेल, तर पांढरीच्या टेकाडाची आणि सड्यावरच्या छिलक्यांची काय कथा!

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. पावलोपावली खापरे सापडणाऱ्या देशात प्रत्येक खापरासाठी रस्ते, धरणे आणि कारखाने थांबवायचे काय? आक्षेप गैरलागू नाही. मात्र तो चुकीच्या पर्यायांमधून निवड करायला लावतो. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाची परवानगी देताना पुरातत्त्वीय तपासणीचा विचार नियोजनाचा भाग झाला. फ्रान्सने २००१ मध्ये त्यासाठी कायदा केला. खोदकाम सुरू होण्याआधी जागा पाहायची, महत्त्वाचे काही असेल तर ठरावीक मुदतीत उत्खनन करून नोंद घ्यायची, त्याचा भार प्रकल्पाने उचलायचा, अशी ही पद्धत आहे. बहुतांश प्रकल्प त्यामुळे रद्द होत नाहीत. क्वचित एखाद्याची आखणी बदलते.

ही कल्पना परदेशी म्हणून झटकून टाकण्याचेही कारण नाही. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली नागार्जुनकोंड्याचे खोरे जाणार हे ठरले, तेव्हा १९५४ ते १९६० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ते सारे खोरे उत्खनन करून नोंदवले. अश्मयुगीन हत्यारांपासून इक्ष्वाकूंच्या राजधानीपर्यंतचा क्रम त्यातून हाती आला. धरण झाले, शेतीला पाणी मिळाले आणि इतिहासही वाचला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, आजच्या मानाने कितीतरी गरीब असलेल्या देशाला जे जमले, ते आज जमत नाही असे म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर तीन गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, ज्ञात प्रागैतिहासिक स्थळांचा गट क्रमांकांसह नकाशा तयार करून तो महसूल आणि खनिकर्म विभागांच्या हाती देणे, म्हणजे चिरेखाणीचा किंवा मुरुमाचा परवाना देतानाच सूचना मिळेल. दुसरी, मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीसोबत प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञांकडून पूर्वसर्वेक्षण सक्तीचे करणे. तिसरी, उत्खननातून मिळालेली हाडे, धान्य आणि खापरे सांभाळणारी भांडारे व प्रयोगशाळा यांना नियमित निधी देणे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणाचा प्रकल्प थांबवावा लागत नाही. जमीनमालकाला मात्र विश्वासात घ्यावे लागेल. ज्याच्या कातळावर चित्र निघाले त्याला आपली जमीन अडकली असे वाटणार असेल, तर पुढचे चित्र तो कोणाला दाखवणार नाही.

बारसूच्या प्रकल्पाचा निर्णय राजकारण आणि अर्थकारण ठरवील. सड्यावरचा वाघांमधला माणूस कोणत्या काळातला, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्या दोघांकडेही नाही. तो सड्यावरच्या मातीकडे आहे. ती माती शोधण्यापूर्वीच उचलली गेली, तर दायमाबादच्या मूर्तींप्रमाणे हे चित्रही पाहण्यापुरते उरेल, आणि त्याच्याविषयीचा वाद कधीच मिटणार नाही.